रुग्णापुढील नैवेद्य

हिंदू गृहस्थाच्या घरी अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नसते. दारी आलेल्या अतिथीचा सत्कार अन्नाने होतो, पितरांचे स्मरण अन्नाने होते, देवाची पूजा नैवेद्यावाचून पुरी होत नाही आणि आईचे वात्सल्यही घासाच्याच रूपाने बाळाच्या मुखी जाते. उपनिषदांनी अन्नास ब्रह्म म्हटले ते उगीच नव्हे. प्रेम करणे म्हणजे जेवू घालणे, असा या देशातील घराघरांचा शतकानुशतकांचा संस्कार आहे. मग ते घर काशीचे असो, कांचीचे असो, की कोल्हापूरचे असो.

अशा घरात जेव्हा जठराचा कर्करोग शिरतो आणि पुढच्या अवस्थेस पोचतो, तेव्हा त्याचा घाव एकट्या रुग्णाच्या शरीरावर पडत नाही. जेथे अन्न जावयाचे तेच स्थान रोगाने व्यापिलेले असते. त्यामुळे प्रेम व्यक्त करण्याची घराची नित्याची वाटच बंद होते. पाहता पाहता धट्टाकट्टा माणूस वाळू लागतो. बोटातील अंगठी सैल होऊन गळते, हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, कानशिले खोल जातात, गळ्याखालची हाडे वर येतात, नेहमीचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतो. घरची मंडळी हे पाहतात आणि एकच अर्थ काढतात : ‘हे जेवत नाहीत म्हणून वाळत आहेत; जेवले की सुधारतील.’

या समजुतीतून मग एक विलक्षण झगडा सुरू होतो. पत्नी घास घेऊन उभी राहते, मुलगा रागावतो, मुलगी शपथ घालते, नातवंडाला पुढे करून ‘याच्यासाठी तरी दोन घास घ्या’ म्हटले जाते. रुग्ण बिचारा सर्वांचे मन राखण्यासाठी घास गिळतो आणि घटकाभराने ओकून टाकतो. पुढे पुढे जेवणाची वेळ जवळ आली की त्याच्या छातीत धडकी भरते. झोपेचे सोंग करून तो त्या प्रेमापासून सुटका करून घेऊ पाहतो. आणि याहूनही कठोर असे एक वाक्य समाचाराला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून निघते : ‘अरेरे, किती खंगले! तुम्ही यांना नीट खाऊ घालीत नाही वाटते?’ रात्रंदिवस राबणाऱ्या सुनेच्या किंवा पत्नीच्या काळजात हा प्रश्न आयुष्यभर रुतून बसतो. माणूस निघून गेल्यावरही ती स्वतःस विचारीत राहते की, आपण आणखी थोडा आग्रह केला असता तर?

अशा प्रसंगी गृहस्थाचा धर्म कोणता? गीतेचा क्रम असा आहे की, आधी शरीर म्हणजे काय याचे ज्ञान आणि मग कर्तव्याचा उपदेश. येथेही तोच क्रम धरणे योग्य होय.

जठराग्नीचे बिघडलेले राज्य

गीतेच्या पंधराव्या अध्यायात श्रीभगवान सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नीच्या रूपाने आपणच राहतो आणि प्राण व अपान यांच्या साह्याने चतुर्विध अन्न पचवितो. याचा अर्थ असा की, घास भरविणारा हात गृहस्थाचा असला तरी तो घास अंगी लावणारी शक्ती गृहस्थाची नव्हे. आईने भरविलेल्या दुधाचे रक्त कसे झाले हे आईला ठाऊक नसते. ती केवळ भरविते. पुढचे कार्य अंतर्यामीच्या सत्तेने चालते. निरोगी अवस्थेत या गोष्टीचा सहज विसर पडतो, आणि अन्न दिले म्हणजे बळ आलेच पाहिजे असा हिशेब मन मांडू लागते. हा हिशेब जठराच्या वाढलेल्या कर्करोगात चुकतो, व तो का चुकतो हे आजच्या वैद्यकशास्त्राने पुष्कळसे उलगडले आहे.

याची कारणे दोन प्रकारची आहेत. पहिले कारण वाटेचे. गाठ जठराच्या वरच्या तोंडाशी असेल तर घास उतरत नाही; खालच्या तोंडाशी असेल तर अन्न पुढे सरकत नाही व ओकाऱ्या होतात. जठराची भिंत ताठर झाली तर दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. व्रणातून झिरपणाऱ्या रक्ताने पंडुरोग होतो आणि थकवा वाढतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म, आणि घरच्या माणसांस बहुधा अज्ञात असते. या क्षीणतेला वैद्यकात ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाईट स्थिती’ एवढाच आहे. अनेक देशांतील तज्ज्ञांनी इ. स. २०११ मध्ये एकमताने तिचे लक्षण निश्चित केले. स्नायूंचा सतत होणारा असा ऱ्हास, की जो नेहमीच्या आहाराने पूर्णपणे भरून काढता येत नाही, तोच हा विकार. सहा महिन्यांत शरीराचे वजन शेकडा ५ हून अधिक उतरले, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचे ३ किलोंहून अधिक घटले, की हा विकार जडल्याचे समजतात. मूळचा कृश असेल तर शेकडा २ हून अधिक घटही पुरेशी मानली जाते. पोटात पाणी साठले तर काटा वजन कायम दाखवितो आणि आत मात्र देह झिजत असतो.

एकादशीच्या उपवासाशी याची तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होईल. उपवासात भूक लागते, आणि शरीर शहाण्या कारभाऱ्याप्रमाणे साठविलेली चरबी आधी खर्च करून स्नायू शक्यतो राखून ठेवते. पारणे सोडले की शक्ती परत येते. या रोगात तसे घडत नाही. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी शरीराची संरक्षक व्यवस्था यांच्यापासून सायटोकाइन नावाची द्रव्ये रक्तात पसरतात. त्यांपैकी एकाला इ. स. १९८५ च्या सुमारास, त्याच्या या क्षीण करणाऱ्या गुणावरूनच ‘कॅकेक्टिन’ असे नाव मिळाले होते. ही द्रव्ये मेंदूतील भुकेची जाणीव मंदावतात, स्नायूंचे विघटन करवितात आणि यकृताला भलत्याच कामास जुंपतात. घराच्या तुळया उपसून त्यांवरच चूल पेटवावी, तशी ही अवस्था असते. बाहेरून कितीही लाकडे आणून टाकली तरी तुळया जळावयाच्या थांबत नाहीत.

एवढे ध्यानात आले की अनेक गैरसमज आपोआप गळून पडतात. रुग्ण हट्टाने जेवत नाही असे नाही. त्याची भूकच रोगाने हिरावून घेतली आहे. तो केवळ न जेवल्यामुळे वाळतो असेही नाही. न जेवणे आणि वाळणे ही दोन्ही त्या एकाच रोगाची फळे आहेत. आणि त्याला सांभाळणारी पत्नी, सून वा मुलगी हयगय करते असे म्हणणे तर निव्वळ असत्य होय. समाचाराला जाणाऱ्याने एवढे जरी जाणले आणि आपली जीभ आवरली, तरी त्या घरावर त्याचे मोठे उपकार होतील.

पापाचा हिशेब मांडू नये

आणखी एक अविवेक येथे घडतो. ‘याने काही तरी पाप केले असेल, म्हणून असा भोग आला,’ असे लोक हळूच कुजबुजतात. कर्माची गती गहन आहे, असे स्वतः भगवंतांनी चौथ्या अध्यायात सांगितले. जी गती गहन आहे तिचा निकाल शेजाऱ्याने ओसरीवर बसून द्यावा काय? जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू इ. स. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी शोधला आणि इ. स. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन विभागाने त्याची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. हा जंतू बहुधा बालपणीच शरीरात शिरतो. याखेरीज तंबाखू, अतिखारट व खारवून टिकविलेले पदार्थ हीदेखील कारणे आहेत. भारतात मिझोराममध्ये या रोगाचे प्रमाण सर्वाधिक आढळते. तेथील लोक इतरांहून अधिक पापी आहेत असे कोण म्हणेल? कर्मसिद्धान्त स्वतःचे आचरण शुद्ध करण्यासाठी आहे. पीडिताच्या जखमेवर मीठ चोळण्यासाठी तो सांगितलेला नाही.

अधिकार कोठवर?

आता कर्तव्याचा विचार करू या. कर्मावर मनुष्याचा अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सूत्र प्रत्येक हिंदूस मुखोद्गत असते. पण त्याची खरी परीक्षा अशा घरातील स्वयंपाकघरात होते. पेज शिजविणे, ती गाळून वाटीत घालणे, कोमट करून आदराने पुढे नेणे, हे कर्म होय. ती पेज पोटात राहणे, तिने वजन वाढणे, काट्यावर आकडा चढणे, हे फळ होय. गृहस्थाचा अधिकार वाटी पुढे नेण्यापर्यंत आहे. तेथून पुढे तो वैश्वानराचा प्रांत.

परंतु हे सूत्र ऐकून कोणी असा अर्थ काढील की, मग खाऊ घालण्यात तरी काय हशील? तर अर्जुनाने धनुष्य टाकले तसेच हे झाले. फळाची आसक्ती सोडावयाची आहे. कर्म सोडावयाचे नाही. या रोगात दोन प्रमाद संभवतात : एक बळजबरीचा आणि दुसरा उपेक्षेचा. दोन्ही सारखेच त्याज्य आहेत.

म्हणून प्रथम रोगाची अवस्था वैद्याकडून स्पष्ट जाणून घ्यावी. जठराचा कर्करोग लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो. अशा रुग्णाचे वजन शस्त्रक्रियेनंतर उतरते, त्याचे कारण निराळे असते. त्याच्या पोषणासाठी नेटाने झटले पाहिजे, आणि जठर पूर्णपणे काढले असल्यास बी-१२ जीवनसत्त्व जन्मभर द्यावे लागते. रोग पुढे गेलेला असतानाही वाट अडली असेल तर नळी बसवून किंवा जोडवाट काढून कित्येकदा अन्नाचा मार्ग मोकळा करता येतो. मळमळ, वेदना, बद्धकोष्ठ, तोंडातील व्रण, मनाची खिन्नता यांनीही अन्न तुटते आणि या सर्वांवर उपाय आहेत. ते न करता ‘आता काय उरले’ म्हणून बसणे हा तमोगुण होय.

भूक परत आणण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पुदुच्चेरी येथील ‘जिपमेर’ या वैद्यकीय संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुस यांच्या वाढलेल्या कर्करोगाचे १२४ रुग्ण घेऊन एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तान्त इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगावरील औषधांच्या जोडीला १२ आठवडे रोज अवघे २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन दिले असता शेकडा ६० रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ९ होते. जपानमध्ये इ. स. २०२१ साली याच क्षीणतेसाठी अनामोरेलिन नावाच्या औषधास मान्यता मिळाली. ज्या कर्करोगांसाठी ते मान्य झाले त्यांत जठराचाही समावेश आहे. ही औषधे देणे न देणे वैद्याच्या विचाराने व्हावे. ती मूळ रोग बरा करीत नाहीत. परंतु भुकेच्या दोन घासांचे समाधान देता आले तर तेही थोडे नव्हे.

मात्र शेवटच्या अवस्थेत, जेव्हा आयुष्य आठवड्यांत मोजावयाचे असते, तेव्हा नाकातून नळी घालून किंवा शिरेतून पोषण चढवून देह सावरता येत नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने इ. स. २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, वाढलेल्या कर्करोगातील क्षीणतेवर अशी कृत्रिम पोषणाची योजना सरसकट करू नये असेच सांगितले आहे. निकराच्या वेळी ‘सलाईन तरी लावा’ म्हणून वैद्यावर दबाव आणणारे नातलग पुष्कळदा नकळत रुग्णाच्या अंगावरील सूज आणि छातीतील घरघर वाढवितात.

देश, काल आणि पात्र

सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना भगवंतांनी योग्य देश, योग्य काल आणि योग्य पात्र यांचा निर्देश केला आहे. आणि अनादराने, अवेळी दिलेल्या दानास तामस म्हटले आहे. रुग्णास अन्न देणे हेही दानच होय. त्याला हे तीनही निकष लावून पाहावे म्हणजे सेवेची रीत आपोआप स्पष्ट होते.

(१) विचारून वाढावे, बजावून नव्हे. ‘थोडे घेणार का?’ असा प्रश्न असावा आणि ‘नको’ या उत्तराचाही मान राखावा.

(२) मोठे ताट रुग्णास भिवविते. लहान वाटीत दोन-चार चमचेच ठेवावे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा विचारावे. घड्याळाच्या जेवणापेक्षा त्याच्या इच्छेची वेळ हीच खरी वेळ होय. पुष्कळांना सकाळी जरा बरे वाटते.

(३) फोडणीचा वास सहन होत नसेल तर त्याला चुलीपासून दूर बसवावे. गरमगरम पदार्थापेक्षा कोमट वा गार पदार्थाचा वास कमी येतो. चव पालटलेली असते. काल आवडलेला पदार्थ आज नकोसा झाला तर तो लहरीपणा समजू नये.

(४) जेवणाआधी कोमट पाण्याने चूळ भरवून तोंड स्वच्छ करावे. उशीचा आधार देऊन बसते करावे आणि जेवण होताच आडवे करू नये.

(५) जे थोडे जाते ते सकस असावे. कोठे मुगाची पातळ खिचडी, कोठे कंजी, कोठे दलिया, कोठे नाचणीचे सत्त्व, ज्या प्रांतात जे आईच्या हातचे म्हणून लहानपणापासून ठाऊक, तेच बरे. वैद्याची हरकत नसेल तर त्यात साजूक तूप, साय किंवा दही घालावे. वाट अडलेली असल्यास मात्र काय द्यावे हे वैद्यासच विचारावे.

(६) ऐकीव पथ्ये लादू नयेत. साखर बंद, दूध बंद, धान्य बंद, असे करीत गेल्यास आधीच रोडावलेल्या देहाचे अन्न उरतच नाही. व्रत-उपवासांचे बंधनही आतुर माणसास धर्मशास्त्राने घातलेले नाही.

(७) रोज वजन करू नये. त्याच्या कृशतेची चर्चा त्याच्या कानांवर पडू देऊ नये, आणि खोलीत येणाऱ्यांनाही तशी आधीच विनंती करावी.

(८) त्याच्या ताटावर डोळे लावून बसू नये. घरची मंडळी शेजारी बसून आपले जेवत, सहज बोलत असली, तर त्यालाही कित्येकदा एखादा घास घ्यावासा वाटतो.

सेवा करणाऱ्यांचे एक पाप येथे सांगितले पाहिजे, कारण ते पुण्य समजून केले जाते. रुग्ण जेवत नाही म्हणून पत्नी स्वतःचे जेवण टाकते. अति खाणाऱ्यास जसा योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. सेवा हाही योगच होय. उपाशी सेवकाचे हात थरथरतात, वाणी कडवट होते. आणि अंथरुणावरील माणसाला, आपल्यामुळे घर उपाशी आहे, हे शल्य रोगाहून अधिक टोचते.

कामारपुकूरच्या सुनेचे उदाहरण

श्रीरामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजाराची हकीकत या संदर्भात मननीय आहे. त्यांचा कर्करोग जठराचा नव्हता, घशाचा होता; पण अन्न आत न जाणे आणि देह झिजणे ही पीडा तीच होती. इ. स. १८८५ मध्ये आजार बळावला. डॉ. महेंद्रलाल सरकारांसारखे नामांकित वैद्य उपचार करीत होते. दक्षिणेश्वराहून त्यांना कलकत्त्यास श्यामपुकूरमध्ये आणि डिसेंबर महिन्यात काशीपूरच्या उद्यानगृहात नेण्यात आले. घास गिळणे अशक्य होत गेले व देहाचा केवळ सांगाडा उरला. तेव्हा नरेंद्रनाथांनी, जे पुढे स्वामी विवेकानंद झाले, त्यांना कळवळून विनविले की, जगन्मातेजवळ मागणे करावे, म्हणजे निदान काही अन्न तरी जाईल. शिष्यांच्या आग्रहास्तव त्यांनी मातेला तसे सांगितले; आणि नंतर कळविले की, मातेने सर्व शिष्यांकडे बोट दाखवून, इतक्या मुखांनी तूच जेवत आहेस ना, असे सुचविले व त्यांना स्वतःलाच लाज वाटली. केवढा हा दृष्टिपालट! एका मुखाचा मार्ग बंद झाला असताही सर्व मुखांनी जेवणारा एकच आहे, हे ज्याने पाहिले त्याचे अन्न कोण तोडणार?

या कथेची दुसरी बाजू गृहस्थांनी विशेष ध्यानी धरावी. कामारपुकूरच्या त्या घराची सून असलेल्या श्रीशारदादेवी पतीचे पथ्याचे अन्न स्वतः शिजवीत. पतीचा रोग हटावा म्हणून त्या तारकेश्वरास गेल्या व तेथे श्रीशिवापुढे अन्नपाण्यावाचून धरणे धरून पडून राहिल्या. दोन दिवस लोटले. मग त्यांच्या अंतःकरणात एकाएकी तीव्र वैराग्याची लाट उसळली. कोण पती, कोण कोणाचे, असा भाव प्रकटला आणि त्या उठल्या. त्यांचे मागणे संपले, परंतु सेवा संपली नाही. काशीपूरास परतून त्यांनी पुन्हा तेच अन्न शिजविले, तीच वाटी पुढे नेली. १६ ऑगस्ट १८८६ रोजी परमहंसांनी देह ठेविला, तोवर ती सेवा अखंड चालू होती. फळाची मागणी गळाली तरी कर्म अधिक निर्मळ होऊन चालू राहते, याहून स्पष्ट दृष्टान्त गृहस्थाश्रमात दुसरा कोणता शोधावा?

क्षेत्र झिजते, क्षेत्रज्ञ नाही

तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हणजे शेत म्हटले आहे आणि त्यास जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. शेताला सुगी असते तसा दुष्काळही असतो. आरशात स्वतःचे पालटलेले रूप पाहून रुग्णाला वाटते, हा मी नव्हे. त्याचे म्हणणे एका अर्थी खरेच आहे. बालपणीचा देह तो नव्हता, तारुण्याचा देहही तो नव्हता. या सर्वांना पाहणारा मात्र एकच होता व आताही तोच पाहत आहे. मांस झिजते, परंतु झिजणे जाणणारा झिजत नाही.

मात्र हा उपदेश कोणी कोणास व केव्हा करावा, याचे तारतम्य हवे. सुखदुःखे येती-जाती आहेत, ती सोसावी, हे भगवंतांनी सांगितले ते शरण आलेल्या आणि विचारणाऱ्या अर्जुनाला. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला आधी वेदनाशामक औषध द्यावे, मग वेदान्त सांगावा. देहाला व देहातील अंतर्यामीला व्यर्थ क्लेश देणाऱ्यांना गीतेने आसुरी म्हटले आहे. मॉर्फिनसारखे औषध वैद्याच्या देखरेखीखाली दिल्यास पाप लागते ही समजूत निराधार होय. मुंबईस इ. स. १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले व केरळात कोझिकोड येथे इ. स. १९९३ पासून घरोघरी जाऊन अशा रुग्णांच्या वेदना शमविण्याचे कार्य वाढीस लागले. आज देशातील अनेक नगरांत अशी शुश्रूषा मिळू शकते. ती शोधणे हाही गृहस्थाच्या धर्माचाच भाग होय. रुग्ण शांत झाला, त्याने विचारले, की मग नामस्मरण करावे, गीतेचा एखादा अध्याय मंद स्वरात वाचावा, किंवा नुसता हात हाती घेऊन बसावे.

शेवटी शेवटी तर भूक व तहान दोन्ही मावळतात. त्या वेळी उपासमारीची कल्पना करून घरच्यांनी कासावीस होऊ नये; ज्याला भूकच नाही त्याला ती छळीत नाही. निजलेल्या, अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात बळाने घातलेले पाणी श्वासमार्गात जाते. ओठ ओल्या फडक्याने टिपावे, जीभ ओलसर ठेवावी, ओठांना थोडे लोणी लावावे. तुळशीच्या पानाने गंगाजलाचा थेंब ओठांवर टेकविण्याची पूर्वजांची रीत किती मृदू व किती योग्य आहे, हे अशा वेळी कळते. एका थेंबानेही सेवा पूर्ण होते.

नैवेद्याची दृष्टी

या सर्व विवेचनाचे सार देवघरात रोज डोळ्यांपुढे असते. गृहस्थ देवापुढे ताट मांडतो, पाण्याने मंडल करतो, तुळशीपत्र ठेवतो, डोळे मिटतो. ताटातील एक शीतही कमी होत नाही. म्हणून तो देवावर रागावतो काय? ‘आणखी दोन घास घ्या’ म्हणून हट्ट धरतो काय? नैवेद्य फुकट गेला असे म्हणतो काय? नाही. त्याने अर्पण केले, देवाने भाव ग्रहण केला. आणि तेच अन्न प्रसाद होऊन घराला पोसते. पान, फूल, फळ, पाणी यांपैकी काहीही भक्तीने दिले तर ते भगवान स्वीकारतात, असे नवव्या अध्यायातील अभिवचन आहे. त्यात वजनाचा उल्लेख कोठेही नाही.

वैश्वानररूपाने जो अंथरुणावरील त्या कृश देहात बसला आहे, तो देवघरातल्याहून निराळा नव्हे. त्याच्यापुढे वाटी त्याच भावाने ठेवावी. त्याने एक चमचा घेतला तर आनंद मानावा. वाटी तशीच परत आली तर नैवेद्य झाला असे समजून हसतमुखाने ती उचलावी, आणि भांड्यात उरलेले अन्न घरच्यांनी प्रसाद म्हणून सेवन करावे. या दृष्टीने सेवा करणाऱ्या घरात रुग्णाला जेवणाच्या वेळेचे भय उरत नाही. आणि तो निघून गेल्यावर, आपण आणखी आग्रह केला असता तर, हा काटाही कोणाच्या काळजात राहत नाही. शेवटच्या दिवसांत झगड्याऐवजी सहवास घडतो. हेच त्या रुग्णाचे खरे अन्न होय.

ज्या ज्या घरात आज अशी एखादी वाटी तशीच परत येत असेल, तेथील मातेने, पत्नीने, सुनेने, मुलाने आपल्या मनातील अपराधाचे ओझे श्रीभगवंतांच्या चरणी ठेवावे. त्यांचे कर्म पुरे झाले आहे. फळ त्यांचे कधी नव्हतेच.

श्रीकृष्णार्पणमस्तु।